अध्यक्षांचे घर मतदान करत नाही

लिहिण्याचा आगाऊपणा करते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. वयाची त्रेसष्ट वर्षे उलटेपर्यंत विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीतले लाल शेरे आणि आमच्या ग्रामस्थ मंडळाची इतिवृत्ते यांपलीकडे माझ्या हातून काही लिहून झालेले नाही. शेऱ्यात भावना नसतात आणि इतिवृत्तात माणसे नसतात, फक्त ठराव असतात. अशा हाताने एखाद्या माणसाविषयी लिहायला बसणे मला स्वतःलाच संकोचाचे वाटते. त्यातून ज्यांच्याविषयी लिहायचे ते केशवकाका म्हणजे स्वतःचे मत कागदावर उतरू नये म्हणून जन्मभर जपलेले गृहस्थ. ते असते तर हे पान त्यांनी शांतपणे माझ्यासमोर परत सरकवले असते. तरीही लिहिते, कारण त्यांच्याविषयीची एक गोष्ट मला एकटीला ठाऊक आहे, आणि ती नुसती जवळ बाळगणे आता मला जड जाते.

दिवेआगर मागे टाकून श्रीवर्धनच्या रस्त्याला लागले की उजव्या हाताला समुद्र आणि डाव्या हाताला नारळी-सुपारीच्या वाड्या असे आमचे गाव येते. घरे एकोणसत्तर. त्यांतली निम्मी वर्षाचे बाराही महिने उघडी असतात. उरलेली गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात उघडतात. म्हणून आमच्याकडे ग्रामस्थ मंडळेही दोन. एक गावातले, एक मुंबईतले. गावकीचा कोणताही मोठा निर्णय दोन्ही मंडळांत मंजूर व्हावा लागतो. दोघांचे जुळले नाही तर मे महिन्यात सगळे गावात असताना शाळेत एकत्र सभा भरते आणि घरटी एक मत घेऊन निकाल लागतो. ही पद्धत माझ्या आजोबांच्याही आधीची.

केशवकाका, म्हणजे केशव धोंडू चोगले, निवृत्त होऊन गावी आले आणि पहिल्याच सभेनंतर मला म्हणाले, "बाई, आपल्या पूर्वजांपैकी कोणी दिल्लीला गेले नव्हते, तरी हे द्विसदन चालवत होते. फक्त आसनाला शिस्त नाही."

त्यांची तेहतीस वर्षे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या सचिवालयात गेली होती. सभापतींच्या आसनापुढे, एक पायरी खाली जे मोठे टेबल असते, त्या टेबलाशी बसणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी ते एक. सभागृहात गोंधळ उडाला, सभापतींना नियम आठवेना, की यांनी उठायचे, अर्धे वळायचे, दोन वाक्ये सांगायची आणि बसायचे. कधी सांगण्यासारखी परिस्थिती नसे. मग तळहाताएवढी चिठ्ठी वर जाई. चिठ्ठीवर नियमाचा क्रमांक. आपले मत नाही, सल्ला नाही. "सल्ला दिला की सभापतींच्या तोंडून आपण बोलायला लागतो," ते म्हणत. "ते आपले काम नव्हे."

ही सवय त्यांच्याबरोबर गावात आली. जेवताना कालवण खारट झाले तरी तोंडाने न बोलता ताटाशेजारी चिठ्ठी ठेवत, असे सुहासची बायको रेश्मा सांगे. सुहास म्हणजे त्यांच्या दिवंगत धाकट्या भावाचा मुलगा. काकांना मूलबाळ नव्हते, काकू दिल्लीतच वारल्या होत्या, त्यामुळे सुहास, रेश्मा आणि त्यांची मुलगी ईशा एवढेच त्यांचे कुटुंब. एका घरात, एका चुलीवर सगळे राहत. रेश्माने त्या चिठ्ठ्या देवळीत जमवून ठेवल्या होत्या. एकदा तिने मला त्यांतली एक दाखवली. तीवर लिहिले होते: 'आमटी. पुनर्विचारार्थ.'

"हसावं की रडावं कळत न्हाय बघा बाई," ती म्हणाली. "नीट सांगितलं तर मी काय खाणार हाय का यांना?"

दिल्लीहून आलेला माणूस म्हणजे आतल्या बातम्यांची पेटी, असा गावाचा समज होता. पहिल्या वर्षी लोक संध्याकाळी ओटीवर येऊन बसत. अमका मंत्री खरेच तसा होता का, तमक्याचे नि ढमक्याचे आतून जमत होते का. काका ऐकून घेत आणि म्हणत, "हा विषय आज कार्यक्रमपत्रिकेवर नाही." गजा पाडावे नावाचे आमचे एक वाचाळ गावकर आहेत. ते एकदा वैतागून म्हणाले, "काका, तुमी तेहतीस वर्सं तिथं व्हता का नुसती खुर्ची व्हती?"

काकांनी यावर बराच विचार केला आणि म्हणाले, "दुसरे अधिक बरोबर आहे."

मात्र ज्यांच्या आसनाखाली बसले त्या पीठासीन अधिकाऱ्यांविषयी ते कधीकधी बोलत. नाव घेत नसत. "एक सभापती होते," एवढीच सुरुवात. एक सभापती होते, ते भर सभागृहात एका वयस्कर सदस्यावर चिडले आणि दुपारी त्यांना दालनात बोलावून, दार लावून, स्वतःच्या हाताने त्यांना पाणी दिले. दुसऱ्या एकांची गोष्ट मी त्यांच्याकडून दोनदा ऐकली. ज्या प्रश्नासाठी त्या गृहस्थांनी तरुणपणी लाठ्या खाल्ल्या होत्या, नेमक्या त्याच प्रश्नावरचे विधेयक त्यांच्यासमोर चर्चेला आले. पाच तास चर्चा चालली. पाच तासांत ते 'माननीय सदस्य, आपली वेळ संपली' याखेरीज काही बोलले नाहीत. विधेयक पडले. त्यांनी ते पडल्याचे जाहीर केले. नंतर दालनात पाणी मागितले आणि पेला दोन्ही हातांनी धरून प्यायले.

"तुम्हाला काय वाटलं तेव्हा?" मी विचारले होते.

"मला वाटलं, आसन म्हणजे हे."

गावाने त्यांना गावच्या मंडळाचे अध्यक्ष केले ते आदराने कमी आणि कोणी दुसरे तयार नव्हते म्हणून अधिक. एकत्र सभेचे अध्यक्षपदही गावच्या अध्यक्षांकडेच असते. तेव्हा माझी नेमणूक त्यांनी चिटणीस म्हणून केली. बाई माणूस चिटणीस, यावर कुरकुर झाली. काकांनी विचारले, "अक्षर कोणाचे चांगले आहे?" विषय तिथेच संपला. आमच्या घराचे मत मुंबईच्या माझ्या भावाकडे असल्याने मला हात वर करायचा नव्हता, लिहायचे तेवढे होते. ते मला मानवले.

त्यांनी सभेला शिस्त लावली ती दिल्लीची. बोलणाऱ्याने समोरच्याकडे नव्हे, अध्यक्षांकडे पाहून बोलायचे. मतदानाआधी साडेतीन मिनिटे शाळेची घंटा वाजवायची, म्हणजे वाडीत, विहिरीवर, समुद्रावर असेल त्याला येता येईल. घंटा थांबली की दार बंद, मग आत-बाहेर कोणी नाही. लोक सुरुवातीला हसले. मग त्यांना ते आवडू लागले. घंटा वाजायला लागली की बायका हातातले काम टाकून पदर सावरत धावत येत, आणि त्या धावण्यात एक मजा असे.

त्यांचा एक निर्णय इथे सांगायला हवा. पहिल्याच वर्षी मंडळासाठी स्टीलची ताटे घ्यावीत की पत्रावळींवर भागवावे असा ठराव होता. हात वर झाले. त्यांत सुहासचाही हात होता, चोगल्यांच्या घराचा म्हणून. काकांनी तो खाली घ्यायला सांगितला. "अध्यक्षांचे घर मतदान करत नाही."

"का बरं?" सुहास हसत म्हणाला. "मी कुठं अध्यक्ष हाय?"

"घरटी एक मत. घर एकच, आणि त्या घराचा माणूस आसनावर आहे. घराने हात वर केला म्हणजे आसनाने केला. मते समसमान झाली तरच आसनाला मत."

सगळे हसले. सुहासही हसला आणि हात खाली घेतला. ताटे मोठ्या बहुमताने आली. मी ओळ लिहून घेतली आणि विसरून गेले. ज्या निर्णयाला काही किंमत मोजावी लागत नाही तो सगळ्यांनाच न्याय्य वाटतो.

मग ते जूनमधले चक्रीवादळ आले. आमच्याकडे त्याविषयी कोणी फार बोलत नाही. सुहासच्या वाडीत सकाळी उभी असलेली सुपारी दुपारी पायाखाली होती. समुद्राकाठची गावकीची साडेचार एकर जमीन, जिथे सुरूचे दाट बन होते, तिथे नुसती खोडे उरली. सुपारी पुन्हा लावली तरी हाताशी यायला सहा-सात वर्षे. सुहासने ती लावली. दरम्यान त्याने पर्यटकांना फिरवले, दुसऱ्यांच्या वाड्यांत मजुरी केली, वर्षभर श्रीवर्धनला एका दुकानात बसला. हे सगळे करताना तो एक वाक्य हमखास म्हणे: "पण गाव न्हाय सोडणार."

तीन वर्षांमागे एका पर्यटन कंपनीचे पत्र आले. समुद्राकाठची ती उजाड जमीन तीस वर्षांच्या कराराने द्यावी. तिथे तंबू आणि लाकडी खोल्या होतील, नवे सुरू लावले जातील, कामाला गावातलीच माणसे घेतली जातील. बागेची आणि झाडांची सगळी देखभाल सुहासकडे द्यायचे त्यांनी तोंडी कबूल केले होते. उत्तर मे अखेर हवे, नाहीतर ते पुढच्या गावाकडे जातील. गावच्या मंडळाने ठराव मंजूर केला. मुंबईच्या मंडळाने नामंजूर केला. एकत्र सभा लागली.

सभेच्या चार दिवस आधी मी कार्यक्रमपत्रिका दाखवायला काकांकडे गेले. ते समुद्रावर आहेत असे रेश्माने सांगितले. सुरूच्या खोडांमधून ते एकटे हिंडत होते, हातात काठी, पायांत दिल्लीचे जुने काळे बूट. कागद त्यांनी वाचला, घडी घालून परत दिला आणि समुद्राकडे पाहत म्हणाले, "बाई, हा करार व्हायला हवा."

मी चकितच झाले. माझ्या चिटणीसपदाच्या सात वर्षांत त्यांच्या तोंडून 'व्हायला हवे' असे मी ऐकले नव्हते.

"ही पोरं इथून गेली तर मुंबईकरांसाठी आपण नुसते राखणदार उरू. सुहास गेला तर..." त्यांनी वाक्य तोडले. "अटी अधिक कडक करून घेता येतील. पण व्हायला हवा."

"मग सभेत सांगा ना, काका. तुमचं ऐकतील."

"म्हणूनच सांगायचे नाही."

"मग त्या दिवसापुरते अध्यक्षपद रमाकांतदादांना द्या," मी म्हटले. रमाकांत म्हसकर हे मुंबई मंडळाचे अध्यक्ष. "तुम्ही खाली बसा आणि घराचं मत द्या."

"ताटांच्या वेळी आसनावर बसायचं आणि आपल्या घराचं काही असलं की खाली उतरायचं?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागावले नव्हते, थकलेले दिसत होते. "ज्याला अवघड दिवशी खुर्ची सोडता येते, त्याने सोप्या दिवशी तिच्यावर बसू नये."

परत निघताना त्यांनी मला थांबवले. "हे इतिवृत्तात नाही."

"नाही," मी म्हटले.

"सुहासलाही नाही. कोणालाच नाही."

मी पुन्हा 'नाही' म्हटले. तो शब्द मी दिला आहे.

मे महिन्यातला शेवटचा रविवार, दुपारचे तीन. शाळेच्या मोठ्या वर्गात मुलांच्या बाकांवर मोठी माणसे गुडघे आखडून बसली होती. डावीकडे मुंबईकर, उजवीकडे गावकर. आजवर असे वेगळे कधी कोणी बसले नव्हते. एकूण एक घर हजर होते. पंखे फिरत होते, तरी सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटले होते. सुहास मागे, खिडकीला टेकून उभा होता. रेश्मा बाहेर व्हरांड्यात ईशाला घेऊन बसली होती.

रमाकांतदादा चांगले बोलले. ते वाईट माणूस नव्हेत. "तीस वर्षांचा करार आहे, अध्यक्षमहाराज. तीस वर्षांनी या वर्गातलं कोण विचारायला उरणार? एकदा कुंपण पडलं की पडलं. आपल्याच समुद्रावर जायला आपली नातवंडं परवानगी मागतील. आमचं इथं काय आहे दुसरं? वर्षातून दोनदा येतो, तो वारा खायला येतो."

पार्वतीकाकू उठल्या. त्यांच्या घरात कर्त्या त्याच. "रमाकांता, तुला वारा खायला लागतो, माझ्या पोराला भात लागतो."

"आसनाकडे पाहून बोला," काका म्हणाले.

काकूंनी मान वळवली. "अध्यक्षमहाराज, याला सांगा, माझ्या पोराला पगार लागतो. याचा पगार मुंबईला हाय. आमी इथं तीनशे साठ दिस ऱ्हातो, हे पाच दिस येतात न आमाला समुद्र शिकवतात."

"आम्ही पाच दिवस येतो ते वर्गणी घेऊन येतो, काकू," डावीकडून कोणीतरी म्हटले. उजवीकडची चार माणसे एकदम उभी राहिली. काका उठून उभे राहिले. ते उभे राहिले की बाकी सर्वांनी बसायचे, ही त्यांनी लावलेली सवय. माणसे बसली, पण एकमेकांकडे पाहत बसली.

सव्वादोन तास हे चालले. गावकरांतलेही काही करारावर नाराज होते, त्यांची होडी ओढायची जागा जाणार होती. मुंबईकरांतही दोघेतिघे अनुकूल निघाले. काकांनी सर्वांना सारखा वेळ दिला. गजा पाडाव्यांचे बोलणे सुहासच्या बाजूचे होते. त्यांनाही त्यांनी बरोबर वेळेवर थांबवले. मी लिहीत होते आणि मधून त्यांच्याकडे पाहत होते. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हते. मला मात्र त्यांचे मन ठाऊक होते, आणि त्यामुळे माझे अक्षर बिघडत होते.

घंटा झाली. साडेतीन मिनिटे किती लांब असतात ते त्या दिवशी कळले. दार लागले.

ठरावाच्या बाजूने हात वर झाले. मी मोजले, मुंबई मंडळाच्या चिटणीसांनी मोजले. चौतीस. विरोधात हात वर झाले. चौतीस. आम्ही दोघांनी पुन्हा मोजले. मी आकडे लिहून कागद काकांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि उपडा ठेवला.

तेवढ्यात खिडकीजवळून आवाज आला. "काका, आपल्या घराचं मत ऱ्हायलंय."

सगळ्या माना मागे वळल्या. सुहासचा हात वर होता. कोपरात थोडासा वाकलेला, जणू पूर्ण वर न्यायची परवानगी मागत असलेला.

"अध्यक्षांचे घर मतदान करत नाही," काका म्हणाले.

"तो ताटांचा ठराव व्हता."

"ताटांना जो नियम, तोच जमिनीला. हात खाली घ्या."

'घ्या' म्हणाले. सुहासला त्यांनी एकदाच 'तुम्ही' म्हटले असेल, ते तेव्हा. त्याने हात खाली घेतला. पण त्याच्या चेहऱ्यावर धास्ती नव्हती, उलट सुटल्यासारखे दिसले. कारण दोनदा झालेल्या मोजणीवरून वर्गातल्या प्रत्येकाला आता कळले होते की मते समसमान आहेत आणि निर्णायक मत काकांचे आहे. डावीकडे रमाकांतदादा स्वतःशीच, पण ऐकू जाईल असे म्हणाले, "झालं मग. घरातल्या घरात." कोणीतरी कडवट हसले.

काकांनी मला एकदा सांगितले होते की नोकरीत मतदान अटीतटीचे होईलसे दिसले की ते समसमान मतांसाठीचे निवेदन तयार करून सभापतींच्या फाइलमध्ये ठेवत. त्यांच्यासमोर ती वेळ कधी आली नाही. निवेदन दर वेळी वाचल्याविना परत येई. ते त्यांना पाठ होते. आमच्या शाळेत, कागद न पाहता, ते उभे राहून म्हणाले:

"ठरावाच्या बाजूने चौतीस, विरोधात चौतीस. निर्णायक मत आसनाचे आहे. आहे त्या स्थितीत बदल करावा, असे बहुमत या सभेत झालेले नाही. सभेला जे बहुमत करता आले नाही, ते आसन एका हाताने करणार नाही. माझे मत ठरावाच्या विरोधात. ठराव नामंजूर. मात्र प्रश्न मिटलेला नाही. फेरविचारासाठी सभा उद्या सकाळी सात वाजता पुन्हा भरेल."

टाळी वाजली नाही. जिंकलेल्यांनाही काय करावे ते सुचले नाही. रमाकांतदादा खाली पाहत बसले. सुहासने दाराची कडी स्वतः काढली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मुंबईकरांच्या कचेऱ्या उघडणार होत्या. बहुतेक गाड्या रविवारी संध्याकाळीच निघून गेल्या होत्या. काकांना हे कळत नव्हते असे नाही. सातला त्यांनी घंटा स्वतः वाजवली, पूर्ण साडेतीन मिनिटे, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. निम्म्याहून अधिक, म्हणजे पस्तीस घरे आल्याशिवाय सभा होत नाही. त्यांनी मोजले. एकोणतीस. बाकांमधून चालत जाऊन पुन्हा मोजले. पार्वतीकाकू म्हणाल्या, "आता मोजून वाढणार हायत का, केशवभावजी? धरा की पस्तीस. कोण बघतंय?"

"मी," काका म्हणाले, आणि सभा बेमुदत तहकूब झाली.

लोक गेल्यावर मी धीर करून बोलले. "काका, समसमान मते झाली की आसनाने विरोधात जायची ही प्रथा प्रश्न जिवंत ठेवण्यासाठी आहे म्हणता. इथे तर प्रश्न मेला."

ते बाकावरची कोणा मुलाने कोरलेली अक्षरे बोटाने चाचपत राहिले. "खरे आहे. दिल्लीत पुढचे अधिवेशन असते." मग म्हणाले, "पण बाई, काल चौतीस घरे हरली आणि निमूट घरी जाऊन जेवली. दुसऱ्या बाजूची चौतीस हरली असती तर ती जेवली नसती. घरातल्या घरात, असे त्यांनी म्हटलेच होते. त्यानंतर या गावात सभेत हरायला कोणी तयार झाले असते का?"

एवढे सांगते की आमच्या सभा आजही भरतात आणि दोन्ही बाजू एकाच पंक्तीला जेवतात. आणि हेही सांगते की कंपनीचे तंबू पुढच्या गावात लागले, आणि आमच्या समुद्रकाठी ती खोडे आहेत.

सुहासने उरणकडच्या एका कंटेनर यार्डात नोकरी धरली. ईशाची शाळा सुरू होण्याआधी त्यांना पोचायचे होते. त्या पंधरा दिवसांत घरात कोणी कोणाशी भांडले नाही, असे रेश्मा सांगत होती. काका चिठ्ठ्याही लिहीत नव्हते. जाताना तिने सगळ्या डब्यांवर नावे लिहून ठेवली, डाळ कुठली नि रवा कुठला ते काकांना कळावे म्हणून.

सकाळच्या एसटीला मी गेले. थांब्यावर दोन बॅगा, एक गुंडाळलेली गादी, आणि काका. सुहास त्यांच्याशी बोलत होता, पण डोळे रस्त्याकडे. "पंपाचा खटका पडला तर गजाला बोलवा. स्वतः हात घालू नका."

"बरे."

"गोळ्या जेवल्यावर. आधी न्हाय."

"बरे."

एसटी आली. सामान चढले. सुहास पायरीवर चढता चढता माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही लिवलंत ना ते? विरोधात मत, म्हणून?"

"लिहिलं आहे."

"नावानिशी?"

"आसनाचे मत म्हणून लिहितात. नाव लिहीत नाहीत."

"नाव लिवा," तो म्हणाला. "ईशा मोठी झाली की वाचू दे तिला, आपण गाव का सोडला ते. माझ्यासाठी एक हात न्हाय उचलला यांनी."

शब्द माझ्या ओठांवर होते. चार दिवस आधी, सुरूच्या खोडांत, व्हायला हवा म्हणाले होते ते. मी काकांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली, एवढीशी, की पायरीवरून सुहासला दिसली नसावी.

कंडक्टरने घंटी मारली. गाडीचे दार नीट लागेना. काका पुढे झाले, दार बाहेरून लोटले. ते बसले नाही, म्हणून पुन्हा उघडून, आत कोणाचे बोट नाही ना ते पाहून, खांद्याने रेटून लावले. मग दोन पावले मागे येऊन ताठ उभे राहिले. गाडी हलली.

"सांगू द्यायला हवं होतं, काका," मी म्हटले.

"आज सांगितले तर ती क्षमा मागितल्यासारखी होईल. आणि क्षमा मागायची तर मत चुकीचे होते असे म्हणावे लागेल." मग म्हणाले, "कठोर काका सोडून जाणे त्याला सोपे आहे. ज्याला हवे होते आणि तरी केले नाही, असा काका सोडून जाणे अवघड जाईल. राहू दे."

पुढे आठ महिने ते होते, आणि मी त्यांना जवळजवळ रोज पाहिले. तरी त्यांची आठवण आली की मला दिसतात ते त्या गाडीच्या दाराला खांदा लावलेले. माघात ते झोपेतच गेले. सुहास आला. त्याने सगळे व्यवस्थित केले, तेराव्याला गावजेवण घातले. निघताना माझ्या ओटीवर पाणी प्यायला थांबला आणि म्हणाला, "सगळ्यांसारखाच मी एक सदस्य, बाई. त्यांनी मला कधी आपला मानलाच न्हाय." मी त्याला आणखी पाणी हवे का, एवढेच विचारले.

ईशा यंदा आठवीत आहे. सुहासचा पत्ता माझ्याकडे आहे. ज्याला शब्द दिला तो माणूस आता नाही, पण शब्द आहे. हे पान मी त्याला पाठवू का?